दिव्यांची माळ आणि तिचा आधार

वसुबारस उजाडली कीं नाशिकच्या मेन रोडवर आणि रविवार कारंज्याच्या आसपास पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. पणत्या, रांगोळीचे रंग, उटणें आणि आकाशकंदील यांच्या राशींशेजारीं विजेच्या दिव्यांच्या माळा पेटत्या ठेवून टांगलेल्या असतात. गिऱ्हाईक रंग पाहतें, लांबी विचारतें, भाव पाडून घेतें आणि माळ घेऊन घरीं जातें. ती बांधावयाची कशाला आणि कशानें, हा प्रश्न दुकानांत सहसा कोणी विचारीत नाहीं. तो सायंकाळीं उद्भवतो. घरांतील कर्ता पुरुष स्टुलावर चढलेला असतो, मुलगा माळेचें दुसरें टोंक धरून उभा असतो, गृहिणी खालून 'जरा डावीकडे घ्या' म्हणून सांगत असते. आणि मग हाताशीं जें सांपडेल त्यावर, म्हणजे एखादा खिळा, सुतळीचा तुकडा किंवा चिकटपट्टी यांवर, काम भागविलें जातें. 'चार दिवसांचेंच तर काम आहे,' असें समाधानहि करून घेतलें जातें.

हें समाधान फसवें आहे. वसुबारसेस लावलेली माळ भाऊबीजेला कोणी उतरवीत नाहीं. तुळशीचें लग्न होतें, त्रिपुरी पौर्णिमेस गोदेच्या घाटावर दिवे लागतात, तोंपर्यंत ती राहते. म्हणजे सुमारें १९ दिवस झाले. पुढें शरणपुरांत आणि नाशिक रोडला नाताळच्या चांदण्या टांगल्या जातात, तोंवरहि कित्येक गॅलरींतून दिवाळीची माळ लोंबतच असते. या अवधींत तिला दुपारचें ऊन लागतें, पहांटेचें दंव लागतें, परतीच्या पावसाची एखादी सर लागते, आणि वारा तर तिला रोजच हालवितो. तेव्हां माळेचा आधार ही घटकाभराची सोय नव्हे. घरांतील विजेच्या जोडणीचाच तो एक भाग आहे. पंख्याची वायर कोणी चिंधीनें बांधीत नाहीं. माळेची मात्र सर्रास बांधतात.

तेलाच्या दिव्याला बांधण्याची गरजच नव्हती. पणतीला बसावयास सपाट जागा लागे, आणि जुन्या बांधणीनें ती मुबलक ठेविली होती. देवळी, कोनाडा, ओटा, तुळशीवृंदावनाचा कट्टा, घाटाच्या पायऱ्या, या सर्व दिव्याच्या हक्काच्या जागा. देवळापुढची दीपमाळ तर दिव्यांच्या आधाराकरितांच उभें केलेलें स्वतंत्र बांधकाम होय. वर निमुळता होत जाणारा दगडी स्तंभ आणि त्यांतून चोहों बाजूंनीं बाहेर काढलेले दगडी हात, अशी तिची रचना. जेजुरीच्या गडावर चढतांना अशा दीपमाळा एकीमागून एक दिसतात. जे दिवे टांगावयाचे, म्हणजे हंडी, झुंबर किंवा लामणदिवा, त्यांच्यासाठीं घर बांधतांनाच तुळईंत लोखंडी कडी बसविलेली असे. नाशिकच्या सराफ बाजारांत उभा असलेला पेशवेकालीन सरकारवाडा ज्या परंपरेंतील आहे, त्या परंपरेच्या वाड्यांत कडी, खुंटी आणि आंकडा हीं घराचीं अंगेंच समजलीं जात. सणाच्या दिवशीं खिळा शोधीत फिरण्याची वेळ त्या घरच्या माणसांवर येत नसे.

विजेची माळ ही निराळ्या घरांतून आलेली पाहुणी आहे. युरोपांत आणि अमेरिकेंत नाताळच्या झाडावर पूर्वीं मेणबत्त्या लावीत. त्या प्रथम वितळलेल्या मेणानें किंवा टांचणीनें फांदीवर बसवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांच्यासाठीं स्प्रिंगचे छोटे चिमटे निघाले. तरीहि पेटती ज्योत आणि वाळलेलें झाड यांची संगत धोक्याचीच होती. १८८२ सालच्या डिसेंबरांत एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनीं न्यूयॉर्क येथील आपल्या घरीं नाताळच्या झाडावर तांबड्या, पांढऱ्या व निळ्या रंगांचे ८० विजेचे दिवे लावून दाखविले. ज्योत गेली, पण तिच्या जागीं वायर आली. पणती स्वतःच्या वजनानें जागेवर बसते. विजेचा दिवा वायरीच्या टोंकाला असतो, आणि ती वायर कोठें तरी अडकवावीच लागते. अमेरिकेंतील घरांचीं छपरें उतरतीं, त्यांच्या कडेला पातळ फळ्यांचीं कौलें आणि पावसाच्या पाण्याची पन्हळ. म्हणून तेथें पन्हळीच्या कांठावर खोवावयाच्या प्लास्टिकच्या क्लिपा निघाल्या. त्याच क्लिपा आतां इकडेहि विकत मिळतात. परंतु नाशिकच्या इमारतीला सपाट गच्ची, जाड कठडा आणि गॅलरीला लोखंडी ग्रिल. पन्हळीसाठीं केलेली क्लिप त्यांपैकीं कशालाच नीट धरीत नाहीं. दुसऱ्याच्या घरासाठीं बेतलेली वस्तु आपल्या घरीं बसत नाहीं, तेव्हां दोष वस्तूचा नसतो आणि घराचाहि नसतो, निवडीचा असतो.

आधार कसा असावा हें ठरविण्यापूर्वीं माळेच्या पोटांत काय असतें तें पाहिलें पाहिजे. घरांत येणारी वीज २३० व्होल्टांची असते. जुन्या पद्धतीच्या माळेंत बारीक तारेचे बल्ब एकापुढें एक जोडलेले असत. ४० बल्ब असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास पावणेसहा व्होल्ट येत, आणि एवढ्याशा दाबावर तो बल्ब सुखानें जळे. एक बल्ब गेला कीं साखळी तुटे आणि सगळी माळ विझे. मग कोणता बल्ब गेला हें शोधण्यांत घरांतील मुलांची संध्याकाळ जाई. या विझलेल्या माळेसंबंधीं एक गैरसमज फार दृढ होता, कीं ती विझली म्हणजे तींत वीज उरली नाहीं. प्रत्यक्षांत साखळी जेथें तुटली त्या फटीच्या दोन टोंकांमध्यें पुरे २३० व्होल्ट येऊन थांबलेले असतात. पावणेसहा व्होल्टांचा बल्ब काढून रिकाम्या जागीं बोट घालणाऱ्यास पावणेसहांचा नव्हे, दोनशें तिसांचा धक्का बसतो.

आतां तारेच्या बल्बांची जागा एलईडी दिव्यांनीं घेतली आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं निळा एलईडी तेजस्वी करण्यांत जपानी शास्त्रज्ञांना यश आलें, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालीं भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधामुळेंच पांढऱ्या व निळ्या दिव्यांच्या माळा स्वस्त झाल्या. हे दिवे तापत नाहींत आणि वीज अगदीं थोडी खातात. परंतु यांतून दुसरा गैरसमज जन्मास आला, कीं एवढासा थंड दिवा काय अपाय करणार? कांहीं माळांच्या प्लगशीं अडॅप्टर असतो. तो विजेचा दाब उतरवून मगच माळेंत सोडतो, व किती उतरवितो तें त्यावर छापलेलें असतें. अशी माळ बरीच निर्धोक असते. परंतु बाजारांतील पुष्कळशा स्वस्त माळांत अडॅप्टर नसतो. असते ती फक्त दिवे लुकलुकविणारी छोटी डबी. अशा माळेच्या प्रत्येक वितींत घरची पुरी वीज खेळत असते. तिच्या आणि माणसाच्या हाताच्या मध्यें वायरीवरील प्लास्टिकचें पातळ वेष्टन तेवढें असतें. आधाराचें पहिलें काम माळ धरणें हें नसून या वेष्टनास जपणें हें आहे.

या दृष्टीनें पाहिलें असतां सर्वांत वाईट आधार म्हणजे खिळा. वायरीच्या दोन पदरांच्या मध्यें खिळा ठोकणें ही युक्ति अनेक घरांत कौशल्याची समजली जाते. तो किंचित् तिरपा गेला तर दोन्ही तारांना भिडतो आणि ठिणगी पडते. एकाच तारेला भिडला तर ठिणगीहि पडत नाहीं, दिवे खुशाल लागतात, आणि खिळ्याच्या डोक्यांत वीज वाट पाहत बसते. कागद टांचावयाच्या यंत्रानें वायर लांकडावर टांचण्याचा परिणाम हाच. जुन्या वाड्यांतील सागवानी खांबावर तर खिळा दुहेरी गुन्हा करतो. वायर दुखवितो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या लांकडांत दर वर्षीं नवें भोंक पाडून पावसाच्या पाण्यास आंत वाट करून देतो.

दुसरा दोष अधिक लपलेला आहे. गॅलरीच्या लोखंडी ग्रिलवर माळ नुसती गुंडाळतात. ग्रिलच्या पट्टीची कड धारदार, तिच्यावरचा रंग उडालेला, आणि वाऱ्यानें माळ रात्रंदिवस त्या कडेवर घासत असते. पंधरा दिवसांत वेष्टन झिजून आंतली तार उघडी पडावयास तेवढें पुरतें. तार ग्रिलला टेंकली कीं सगळें ग्रिल विजेनें भारलें जातें. दिवे पूर्वींसारखेच लुकलुकत राहतात, फ्यूजहि जळत नाहीं. आणि मग एखाद्या सकाळीं कामाची बाई अनवाणी पायांनीं गॅलरी धूत असतां ओल्या हातानें ग्रिल धरते, किंवा खालीं कोणाचा आवाज आला म्हणून घरांतलें मूल धांवत येऊन दोन्ही हातांनीं सळया पकडतें. जो अपघात होतो त्याचें कारण मग विजेंत शोधतात. खरें कारण आठ आण्यांच्याहि किंमतीची क्लिप न लावण्यांत असतें.

फ्यूज कां जळत नाहीं, हें समजून घेण्यासारखें आहे. ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर प्रवाह निमूटपणें जाऊं देणारा पहारेकरी. माणसाच्या देहांतून त्याच्या शंभराव्या भागाइतका प्रवाह गेला तरी जीव धोक्यांत येतो. तो जातो केव्हां, हें फ्यूजला कळत नाहीं. तें कळतें आरसीसीबी नांवाच्या उपकरणाला. जाणारा आणि परतणारा प्रवाह तें सतत ताडून पाहतें, आणि दोहोंत ३० मिलिअँपिअरांची तफावत पडली कीं क्षणार्धांत वीज तोडतें. ज्या घरांत तें बसविलेलें नाहीं, त्या घरानें माळेपूर्वीं त्याचा विचार करावा.

आतां वजनाचा हिशेब. माळ हलकी असते, म्हणून आधार कसाहि चालेल, अशी समजूत आहे. ३ मीटर अंतरावरील दोन टोंकांस माळ बांधली आणि तिचें वजन मीटरला ५० ग्रॅम धरलें, तर सगळें वजन १५० ग्रॅमच भरतें. तिला मध्यें ३० सेंटिमीटरांचा झोळ दिला तर टोंकावर सुमारें १९० ग्रॅमांची आडवी ओढ बसते. झोळ १० सेंटिमीटरांचा ठेविला तर तीच ओढ सुमारें ५६० ग्रॅम होते. आणि माळ अगदीं सरळ दिसावी म्हणून ताणून झोळ २ सेंटिमीटरांवर आणला, तर ओढ पावणेतीन किलोंच्या वर जाते. वजन तेंच, पण ओढ पंधरापट! वाळत घातलेल्या ओल्या धोतरानें ताठ दोरी कां तुटते आणि सैल दोरी कां तुटत नाहीं, याचें उत्तर यांतच आहे. ताणलेल्या माळेंत ही ओढ केसासारख्या बारीक तारांवर आणि दिव्याच्या सांध्यांवर पडते. सांधा उकलतो, दिवे बंद पडतात, आणि दोष दुकानदारास दिला जातो.

यावर उपाय एकच, आणि तो जुन्या सुताराला सहज सुचला असता. दोन भक्कम ठिकाणांमध्यें आधीं एक नायलॉनची दोरी ताणून बांधावी आणि माळ तिच्यावर हातभर अंतरानें सैलसर अडकवावी. भार दोरीनें वाहावा, वीज वायरीनें. ज्या घरांत हा एक नियम पाळला जातो, तेथें निम्मे दोष आपोआप टळतात.

माळ दोरीवर किंवा ग्रिलवर अडकविण्यास सर्वांत सुलभ साधन प्रत्येक घरांत असतेंच. तें म्हणजे कपडे वाळत घालण्याचा चिमटा. स्प्रिंगच्या चिमट्याचें एकस्व १८५३ सालीं अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतांतील स्मिथ नांवाच्या गृहस्थानें घेतलें. दोन लांकडी काड्या आणि त्यांच्या मध्यें वळवलेली पोलादी स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. तो वायर टोंचीत नाहीं, नुसती दाबून धरतो. आणि पाहिजे तेव्हां सोडतो. लांकडी चिमटा या कामास उत्तम. प्लास्टिकचा उन्हानें ठिसूळ होतो, म्हणून दर वर्षीं वांकवून पाहावा. स्प्रिंग वायरीवर येणार नाहीं अशा बेतानें तो लावावा. मात्र चिमट्याचें तोंड लहान. गज, सळई किंवा दोरी तो धरतो, गच्चीचा कठडा त्याच्या आवांक्यांत येत नाहीं.

दुसरें साधन नायलॉनचा टाय. हा १९५८ सालीं अमेरिकेंत विमानांतील वायरींचे जुडगे बांधण्यासाठीं निघाला. त्याच्या पट्टीवर दांते आणि डोक्यांत एक खुंट असतो. पट्टी पुढें सरकते, मागें येत नाहीं. ग्रिलवर माळ बांधण्यास तो सोयीचा, परंतु कचकचून आवळूं नये. वायर आंत थोडी हलली पाहिजे. धारदार कडेच्या ग्रिलवर आधीं जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी आणि मग टाय घालावा. उघड्यावर काळा टाय घ्यावा. त्यांत काजळी मिसळलेली असल्यामुळें तो उन्हांत पांढऱ्यापेक्षां पुष्कळ टिकतो. काढतांना कातरीचें टोंक वायरीकडे नसावें. ज्याला दर वर्षीं टाय कापून टाकणें मानवत नाहीं, त्यानें सुती नाडीची सुटी गांठ मारावी, तीहि बरीच. बारीक लोखंडी तार मात्र कधींहि पिळूं नये, कारण ती वायरीच्या वेष्टनांत रुतते.

भिंतीसाठीं चिकट हूक मिळतात. त्यांची ख्याति मोठी, पण नाशिककरांची तक्रारहि मोठी, कीं ते रात्रींत गळून पडतात. याचें कारण दिवाळीपूर्वीं दिलेल्या चुन्यांत किंवा रंगांत आहे. हूक भिंतीला चिकटत नाहीं. भिंतीवरच्या थराला चिकटतो. चुन्याचा थर भुकटीसारखा सुटतो आणि हूक आपला थर घेऊन खालीं येतो. गुळगुळीत तेलरंग, फरशी, कांच किंवा पॉलिश केलेलें लांकूड यांवर तो चांगला बसतो. जागा कोरड्या फडक्यानें पुसावी, हूक अर्धें मिनिट दाबून धरावा, आणि लगेच भार न घालतां तासभर थांबावें. खिडकीच्या कांचेला रबरी वाटीचा हूकहि चालतो. पण त्याच्या वाटींतील हवा हळूहळू परत येत असल्यानें तो अधूनमधून दाबावा लागतो. चुन्याच्या भिंतीवर आणि सिमेंटच्या कठड्यावर खरा आधार म्हणजे भोंक पाडून, आंत प्लास्टिकची गुल्ली बसवून घट्ट केलेला स्क्रूचा हूक.

साधन कोणतेंहि असो, कांहीं गोष्टी सर्वत्र सारख्याच. माळ बांधतांना प्लग काढलेला असावा. क्लिप वायरीला लावावी, दिव्याला नव्हे. प्लगजवळचा पहिला आधार सर्वांत मजबूत असावा, म्हणजे माळ ओढली गेली तरी प्लग ओढला जाणार नाहीं. बाहेरून घरांत येणारी वायर प्लगच्या पातळीखालीं एकदां झोका घेऊन मग वर न्यावी. पावसाचें पाणी त्या झोक्याच्या तळाशीं ठिबकतें, प्लगांत शिरत नाहीं. दोन वायरींचा जोड उघड्यावर ठेवूं नये. स्टुलावर स्टूल ठेवून चढूं नये, आणि शिडीवर कोणी चढलें तर खालून दुसऱ्यानें ती धरावी. दर दोन-चार दिवसांनीं, दिवसा, प्लग काढून, माळ जेथें जेथें लोखंडाला टेंकते तेथें बोटानें चांचपून पाहावी. हें काम घरांतील शाळकरी मुलाला शिकवावें. त्याला त्यांतून पुस्तकांतल्यापेक्षां अधिक विज्ञान कळतें.

उतरवितांना माळ खेंचण्याची घाई होते आणि जें सबंध सण टिकलें तें शेवटच्या दिवशीं तुटतें. जसें बांधलें त्याच्या उलट क्रमानें एक एक आधार सोडवावा, माळ पुठ्ठ्यावर सैल गुंडाळावी, आणि तिच्याच डब्यांत तिचे चिमटे व हूक ठेवावे. वेष्टन सोललेली माळ 'पुढच्या वर्षीं पाहूं' म्हणून ठेवणें म्हणजे संकट माळ्यावर जपून ठेवणें होय.

जुन्या नाशिकच्या घरांत कडी आणि खुंटी घराबरोबर जन्मास येत. नव्या इमारतींच्या नकाशांत मोटारीला जागा असते, पाण्याच्या टांकीला असते, दिवाळीच्या दिव्याला मात्र नसते. जणूं ती दर वर्षीं अचानक येते! वास्तविक घराला रंग देण्यापूर्वीं गॅलरीच्या वरच्या कडेला आणि गच्चीच्या कठड्याला दोन-दोन हातांवर पितळी हूक कायमचे बसवून घेतले, आणि बाहेर झांकण असलेला एक प्लग काढून ठेविला, तर तो खर्च एकदांच होतो. पुढच्या प्रत्येक वसुबारसेस दोरी ओवावी, माळ अडकवावी, आणि खालीं उभें राहून पाहावें. मग त्या उजेडांत मूल ग्रिल धरून उभें राहिलें, तरी घरच्यांच्या जिवाला घोर राहत नाहीं.